शितावरून भाताची परीक्षा, पण किती पातेल्यांतून?

‘भारतात साठीपुढील शंभर व्यक्तींपैकी सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे’, असे वाक्य वृत्तपत्रात वाचले की दवाखान्यात येणारे ज्येष्ठ मला हमखास एक प्रश्न विचारतात, ‘‘डॉक्टर, हे मोजले कोणी? आमच्याकडे तर कोणीच विचारायला आले नाही.’’ प्रश्न रास्त आहे. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठी ओलांडलेले १० कोटींहून अधिक लोक होते. त्या सर्वांची स्मरणशक्ती कोणी तपासली नाही, तपासणे शक्यही नाही. तरीही हा आकडा हवेतून आलेला नाही. तो कसा येतो, हे ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. कारण तो खरा ठरेल की फसवा, हे काही अंशी आपल्याच उंबऱ्यावर ठरते.

दवाखान्याची नोंदवही पुरेशी का नाही?

आपल्याला वाटेल, डॉक्टरांच्या नोंदवह्या एकत्र केल्या की झाले. पण माझ्या नोंदवहीत साठीपुढचा जवळजवळ प्रत्येक माणूस रक्तदाबाचा, मधुमेहाचा किंवा सांधेदुखीचा रुग्ण दिसतो. कारण त्रास असलेलेच माझ्याकडे येतात. उलट, ज्या आजोबांना लिफ्ट नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला उतरता येत नाही, ते माझ्या नोंदवहीत नसतात. ज्या आजींचे विसरणे घरच्यांनी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून दिले आहे, त्याही नसतात. म्हणजे दवाखाना एकीकडे आजार फुगवून दाखवतो आणि दुसरीकडे दडवतो. समाजातले खरे प्रमाण कळायचे असेल, तर जे आपणहून येत नाहीत त्यांच्या घरी जावे लागते.

पण कोणाकोणाच्या घरी? सर्वांत शुद्ध मार्ग म्हणजे देशातल्या सर्व ज्येष्ठांची यादी करून तीतून हजारो चिठ्ठ्या काढणे. मात्र अशी यादी कोणाकडेही तयार नसते. असती तरी एक चिठ्ठी गडचिरोलीच्या पाड्यावर, दुसरी गोव्यातल्या वाड्यावर आणि तिसरी लडाखच्या खोऱ्यात निघाली असती. एकेका माणसासाठी एकेक प्रवास करण्यात वर्षे आणि पैसा दोन्ही संपले असते.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला मार्ग म्हणजे ‘क्लस्टर सॅम्पलिंग’, अर्थात समूह-नमुना पद्धत. आधी माणसे निवडायची नाहीत. माणसांचे समूह निवडायचे. समूह म्हणजे एखादे गाव, शहरातला प्रभाग किंवा जनगणनेसाठी आखलेला घरांचा लहानसा गट. देशभरातील अशा समूहांची यादी जनगणनेमुळे उपलब्ध असते. तीतून काही समूह चिठ्ठीने काढायचे, तेवढ्याच ठिकाणी जाऊन घरांची यादी करायची आणि त्या यादीतून पुन्हा चिठ्ठीने घरे काढायची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, अशाच रीतीने प्रत्येक समूहातून २२ घरे निवडली गेली आणि त्यातून देशभरातील ६ लाख ३६ हजारांहून अधिक कुटुंबांची माहिती गोळा झाली.

लग्नाचा स्वयंपाक आणि अनेक पातेली

शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण ती का होते? कारण एका पातेल्यातल्या सगळ्या तांदळाला तेच पाणी आणि तोच जाळ मिळालेला असतो. लग्नघरी मात्र भाताची वीस पातेली चढलेली असतात. एकाखाली जाळ मोठा, दुसऱ्याखाली मंद. कोणात पाणी जास्त, कोणात कमी. तिथे अनुभवी आचारी एकाच पातेल्यातली शंभर शिते चाचपत बसत नाही. तो चार-सहा पातेल्यांची झाकणे उचलतो आणि प्रत्येकातली दोन-चार शिते बोटाने दाबून पाहतो.

आपला समाज म्हणजे ही अनेक पातेली. एका वस्तीतले लोक बहुधा एकाच स्रोताचे पाणी पितात, एकाच हवेत श्वास घेतात, साधारण सारखेच खातात आणि त्याच दवाखान्यात जातात. त्यामुळे त्यांचे आजारही काही प्रमाणात एकमेकांसारखे असतात. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांत भूजलात फ्लोराइड अधिक असल्याने दात आणि हाडे बिघडतात. तिथे एका हातपंपाचे पाणी पिणाऱ्या दहा घरांत विचारले की पुढच्या तीस घरांतले उत्तर बरेचसे कळून चुकते. ही तीस घरे विचारून नमुन्याचा आकडा मोठा होतो, ज्ञान फारसे वाढत नाही.

करोनाकाळातले एक उदाहरण आपल्याला आठवत असेल. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडे तपासण्यात आली. झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात त्या विषाणूच्या संसर्गाची खूण सापडली. त्याच प्रभागांतील इतर वस्त्यांत ती केवळ १६ टक्के होती. शहर एक, महिना एक. पातेली मात्र निराळी. फक्त इमारतींत फिरून कोणी ‘मुंबईचा आकडा’ सांगितला असता, तर तो कितीही हजार लोक तपासून काढला असला तरी चुकीचाच ठरला असता.

म्हणून समूह-नमुना पद्धतीत माणसांच्या संख्येइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, समूहांची संख्या महत्त्वाची असते. एका समूहातली माणसे एकमेकांसारखी असल्याने जी अचूकता कमी होते, ती भरून काढण्यासाठी नमुना किती पट वाढवावा लागेल, याचे गणित संख्याशास्त्रात मांडलेले आहे. त्याला ‘डिझाइन इफेक्ट’ म्हणतात.

तीस गुणिले सात

हे गणित किती व्यवहारी असू शकते, याचा नमुना लसीकरणाच्या इतिहासात आहे. एखाद्या प्रदेशात किती टक्के बालकांचे लसीकरण झाले, हे झटपट कळावे म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने तीस समूह आणि प्रत्येक समूहात सात बालके, अशी पद्धत रूढ केली. सातच का? उत्तर १० टक्के इकडे-तिकडे चालेल असे धरले, तर साध्या चिठ्ठी पद्धतीने जास्तीत जास्त ९६ बालके पुरतात. समूहांमुळे होणारी घट भरून काढण्यासाठी ती दुप्पट केली की १९२ होतात. त्यांना तीसने भागले की सहाहून थोडी जास्त, म्हणून सात. एकूण २१० बालके. एवढ्याशा नमुन्यावर अनेक देशांनी आपल्या लसीकरण मोहिमांची दिशा ठरवली.

गावे निवडतानाही एक न्याय पाळला जातो. समजा, एका गावात हजार घरे आहेत आणि दुसऱ्यात दोनशे. मोठ्या गावाची चिठ्ठी निघण्याची शक्यता पाचपट ठेवतात. मग निवडलेल्या गावातून घरे मात्र सारखीच, समजा वीस, घेतात. मोठ्या गावातल्या एका घराला पन्नासात एक संधी मिळते, लहान गावातल्या घराला दहात एक. पण मोठे गाव निवडले जाण्याची शक्यताच पाचपट असल्याने दोन्ही बाजू तोलल्या जातात आणि प्रत्येक घराला अखेर समान संधी मिळते.

या पद्धतीत एक उणीवही होती. गावाच्या मध्यभागी उभे राहून बाटली फिरवायची, तिचे तोंड ज्या दिशेला थांबेल तिकडची घरे मोजून त्यातले एक चिठ्ठीने घ्यायचे आणि तिथून पुढे शेजारचे, त्याच्या शेजारचे, असे सात बालके मिळेपर्यंत जायचे, अशी रीत होती. त्यामुळे चावडीजवळची घरे सहज सापडत आणि मळ्यातली वस्ती, ओढ्यापलीकडची वाडी मागे राहण्याची भीती असे. म्हणून पुढे संघटनेनेच घरांची यादी करून चिठ्ठीने घरे काढण्याचा आग्रह धरला. दूरचे, अवघड, एकाकी घर वगळले की आकडा गुळगुळीत होतो, पण खरा राहत नाही.

ज्येष्ठांसाठीची मोठी पाहणी

मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये ‘लासी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीची पहिली फेरी झाली. लासी म्हणजे भारतातील वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास. तीत ४५ वर्षांपुढील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोक सहभागी झाले. त्यातले ३१ हजारांहून अधिक साठी ओलांडलेले होते. निवड पायरीपायरीने झाली. आधी तालुके, मग गावे किंवा शहरातील प्रभाग आणि अखेरीस घरे. शहरात प्रभाग आणि घर यांच्यामध्ये जनगणनेच्या लहान गटाची आणखी एक पायरी होती.

या पाहणीत केवळ प्रश्न नव्हते. रक्तदाब, उंची, वजन, हाताच्या पकडीची ताकद, तोल, चालण्याचा वेग, फुप्फुसांची क्षमता आणि दृष्टी यांचीही मोजणी झाली. कोणाचा आधार आहे, कोणाकडून वाईट वागणूक मिळते का, असेही विचारले गेले. पुढे याच सहभागींमधून साठीपुढील सुमारे चार हजार व्यक्तींची स्मरणशक्ती आणि आकलन सविस्तर तपासण्यात आले. त्यातून २०२३ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला, तो म्हणजे साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश. लेखाच्या आरंभीचे वाक्य इथून आले आहे.

या तपासणीत ज्येष्ठांबरोबर त्यांना जवळून ओळखणाऱ्या एका माणसालाही प्रश्न विचारले गेले. आई गॅस बंद करायला विसरते का, वडील ओळखीच्या रस्त्यावर गोंधळतात का, हे मुलगी, सून किंवा सांभाळणारी बाईच सांगू शकते. काळजीवाहकाचे निरीक्षण हाही विज्ञानाचा पुरावा असतो, तो असा.

‘आमच्याकडे नको, शेजारी विचारा’

आता आपल्या उंबऱ्याकडे येऊ. निवडलेल्या घरी पाहणी करणारे येतात, तेव्हा बहुतेकदा तीन गोष्टी घडतात. पहिली, घरचे म्हणतात, ‘‘आमची आई अंथरुणाला खिळली आहे, तिला काय विचारणार? शेजारच्या काकू चांगल्या हिंडत्याफिरत्या आहेत, त्यांना विचारा.’’ दुसरी, मुलगा स्वतःच उत्तर देऊन टाकतो, ‘‘बाबांना काही त्रास नाही.’’ तिसरी, सोसायटीचा पहारेकरी फाटकावरूनच परत पाठवतो.

काटेकोर पाहणीत निवडलेल्या घराऐवजी दुसरे सोयीचे घर घेत नाहीत. कुलूप असेल तर पुन्हा येतात. यामागे हटवादीपणा नाही. अंथरुणावरच्या आईच्या जागी हिंडत्याफिरत्या काकू आल्या, तर देशाच्या हिशेबात अंथरुणावरचे ज्येष्ठ कमी होतात. आपले घर नमुन्यात आपल्यासारख्या हजारो घरांच्या वतीने बोलत असते. आपण गप्प बसलो की तीही गप्प होतात. मग घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, फिजिओथेरपी, स्मृतिभ्रंशाचे उपचार यांची गरज कागदावर लहान दिसते आणि लहान दिसणाऱ्या गरजेला निधीही लहानच मिळतो.

वृद्धाश्रमांतील व्यक्ती अशा घरोघरच्या पाहण्यांत बहुधा येतच नाहीत. आईवडील चार-चार महिने मुलांकडे आळीपाळीने राहत असतील, तर ‘ती इथे पाहुणी आहे’ असे प्रत्येक घरी सांगितले जाते आणि ती कोणत्याच यादीत येत नाही. तेव्हा घरात कोण राहते असे विचारल्यावर वस्तुस्थिती सरळ सांगावी. गणना कुठे करायची, हे पाहणी करणारे त्यांच्या नियमांनुसार ठरवतील.

दार उघडताना काय करावे?

विश्वास ठेवा, पण पारखून. हल्ली पाहणीच्या नावाखाली फसवणूक करणारेही फिरतात. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात असू द्याव्यात.

१. ओळखपत्र आणि संस्थेचे पत्र मागून घ्या. शंका असेल तर ग्रामपंचायत, प्रभाग कार्यालय, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा आपल्या आशाताईंकडे चौकशी करा. ‘उद्या मुलगा घरी असताना या’ असे सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

२. आरोग्य पाहणीसाठी ओटीपी, एटीएमचा पिन किंवा पैसे लागत नाहीत. यातले काहीही मागितले की संभाषण तिथेच थांबवा.

३. संमतीपत्र वाचून घ्या, दिसत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. एखाद्या प्रश्नाला किंवा रक्ताच्या थेंबाला नकार देऊनही उरलेल्या भागात सहभागी होता येते का, ते विचारा.

४. ज्येष्ठांना स्वतः बोलू द्या. चष्मा, श्रवणयंत्र, कवळी जवळ ठेवा. चालू औषधांची चिठ्ठी काढून ठेवा. लघवीवरचा ताबा सुटणे, पडण्याची भीती, एकटेपणा या गोष्टी आई मुलासमोर बोलत नाही. थोडा वेळ त्यांना एकांत द्यावा. त्या बोलूच शकत नसतील तर ‘त्यांच्या वतीने मी उत्तर देऊ का?’ असे विचारा. अनेक पाहण्यांत तशी सोय असते.

५. अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, चक्कर येत असेल, तर चालण्याच्या किंवा तोलाच्या चाचणीआधी ते स्पष्ट सांगा.

६. पाहणी म्हणजे उपचार नव्हे. रक्तदाब जास्त असल्याचे सांगितले गेले, तर तो कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.

आकडा वाचताना

पुढच्या वेळी आरोग्याचा एखादा आकडा वाचाल, तेव्हा चार प्रश्न मनाशी विचारा. लोक किती, एवढेच नव्हे तर किती ठिकाणचे? ते चिठ्ठीने निवडले की आपणहून आले? कोण राहून गेले असेल? आणि हा आकडा देशाचा, राज्याचा की जिल्ह्याचा?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे-जून २०२० मध्ये केलेली प्रतिपिंड तपासणी या कसोटीवर पाहा. ७० जिल्हे, प्रत्येक जिल्ह्यात १० समूह, प्रत्येक समूहात ४० प्रौढ, एकूण २८ हजार. महाराष्ट्रातून बीड, परभणी, नांदेड, सांगली, जळगाव आणि तेव्हाचे अहमदनगर असे सहा जिल्हे होते. प्रतिपिंडे आढळली अवघ्या ०.७३ टक्के लोकांत. पण देशाच्या प्रौढ लोकसंख्येला ते प्रमाण लावले, तेव्हा मेच्या आरंभापर्यंत सुमारे ६४ लाख जणांना संसर्ग होऊन गेल्याचा अंदाज निघाला. त्या सुमारास नोंदलेले रुग्ण एक लाखाच्याही आत होते. रुग्णालयांच्या नोंदींत न दिसलेले चित्र ७०० समूहांनी दाखवले. मात्र याच आकड्यावरून ‘आमच्या गल्लीत किती?’ असे विचारणे चुकीचे ठरले असते. ती पाहणी देशासाठी आखली होती, गल्लीसाठी नव्हे.

हीच मर्यादा व्यक्तीच्या बाबतीतही लागू आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. यावरून आपली साखर किती, हे कळत नाही. त्यासाठी आपलेच रक्त तपासावे लागते. शंभरातल्या सात जणांना स्मृतिभ्रंश असतो म्हणून आपल्या आईला तो असेलच असे नाही, आणि उरलेल्या त्र्याण्णवांत ती असेलच असेही नाही. आकडा शासनाला किती दवाखाने हवेत ते सांगतो. आईला तपासणीला न्यायचे का, हे मात्र तिच्यात दिसणाऱ्या बदलांवरून आपल्याला ठरवायचे असते.

या शास्त्रात मराठी माणसाचाही मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे हे नमुना पाहणीचे जगन्मान्य तज्ज्ञ होते. पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज शास्त्रशुद्ध नमुन्यावरून काढण्याचे काम त्यांनी देशात रुजवले आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुखपद भूषवले. पिकाच्या पाहणीत शेताचा निवडलेला तुकडाच कापावा लागतो. बांधाशेजारचे खुरटलेले पीक सोडून मधले तरारलेले कापले, तर अंदाज फसतो. माणसांच्या पाहणीतही तेच आहे.

आपल्या घराची चिठ्ठी कधी निघेल, सांगता येत नाही. बहुतेकांची कधीच निघणार नाही. पण निघालीच, तर ओळखपत्र पाहून, खात्री करून, पाहणी करणाऱ्यांना आतल्या खोलीपर्यंत जाऊ द्या, जिथे आजी झोपलेल्या असतात. त्यांना ऐकू कमी येत असेल, उत्तर द्यायला वेळ लागत असेल, तर तेवढा वेळ मागून घ्या. त्यांचे उत्तर त्यांच्यासारख्या अनेक आजींच्या कामी येणार असते.